काळी, पांढरी आणि दप्तर : तिसगाव परिसरातील वास्तु-अभिलेखांची वाढ

वास्तूचा अभिलेख म्हणजे एखाद्या इमारतीविषयी तिच्या हयातीत किंवा तिच्या पश्चात तयार झालेला, जपून ठेवलेला आणि पुढे कोणालाही पडताळून पाहता येईल असा पुरावा होय. त्यात मोजणीची रेखाचित्रे, छायाचित्रे, शिलालेखांचे ठसे, बांधकामाचे हिशेब, जमिनीच्या सनदा आणि करआकारणीच्या नोंदवह्या अशा नाना जातींचे कागद येतात. आणि ज्या संस्थेत हे कागद ठरावीक क्रमाने लावून लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवलेले असतात, तिला सार्वजनिक अभिलेखागार म्हणतात. असे अभिलेखागार कधीच पूर्ण होत नाही. त्यात पिढ्यान्‌पिढ्या भर पडत राहते, परंतु प्रत्येक पिढी ही भर घालते ती कोणते बांधकाम नोंदीच्या योग्यतेचे आहे याविषयीच्या आपल्या समजुतीप्रमाणे. म्हणून एखाद्या प्रदेशाच्या वास्तु-अभिलेखांचा इतिहास हा तेथील इमारतींइतकाच त्या समजुतीत होत गेलेल्या बदलांचाही इतिहास असतो.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव आणि त्याच्या आसपासचा पट्टा हा इतिहास तपासण्यास सोयीचा आहे. नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता भिंगार मागे टाकून शाह डोंगराच्या बाजूने पुढे जातो, करंजीचा घाट ओलांडतो आणि तिसगावला पोहोचतो. तेथून मढीचे कानिफनाथ देवस्थान आणि घाटशिरसचे वृद्धेश्वर मंदिर जवळ आहे. या एकाच पट्ट्यात राजवटीच्या कारभाऱ्याने उभारलेली कबर, भाविकांच्या नवसांनी आणि सरदारांच्या देणग्यांनी वाढलेले देवस्थान आणि शेतकरी, कारागीर व व्यापारी यांच्या घरांचे बाजारगाव, अशी बांधकामाची तीन वेगळी रूपे आढळतात. पैकी पहिल्या रूपाची दफ्तरी नोंद सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने झाली, दुसऱ्याची अर्धवट झाली आणि तिसऱ्याची नोंद घेण्याचे काम आता कोठे सुरू झाले आहे. हा क्रम का पडला, आणि गेल्या काही वर्षांत पडलेल्या नव्या भरीमुळे तो कितपत बदलतो आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी महाराष्ट्रात बांधकामांची नोंद होत नव्हती असे नाही. मात्र ती चित्ररूपाने क्वचितच आणि हिशेबाच्या रूपाने प्रामुख्याने होत असे. मराठा राज्याच्या कारभाराचे कागद, ज्यांना एकत्रितपणे पेशवे दफ्तर म्हटले जाते, ते पुणे पुराभिलेखागाराच्या १८९१ साली उभारलेल्या इमारतीत हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांची गठडी ज्या चौकोनी कापडात बांधली जाते ते कापड, आणि त्यावरून ती गठडीही. या मोडी कागदांत वाडे, देवळे, घाट, तट आणि विहिरी यांवरील खर्चाच्या याद्या येतात. दगड किती गाड्या आला, चुना किती खंडी लागला, पाथरवट, गवंडी, सुतार आणि बेलदार यांना रोज काय पडला, लाकूड कोठून आणले, असा तपशील त्यांत असतो. पाथरवट हा दगड घडवणारा, गवंडी तो चुन्यात बसवणारा आणि बेलदार खोदाई व दगड-मातीचे जड काम करणारा, ही कामाची विभागणी या याद्यांतून जितकी स्पष्ट होते तितकी ती उभ्या इमारतीकडे पाहून कळत नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १० जानेवारी १७३० रोजी त्याची पायाभरणी झाली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि मूळ बांधकामास १६,११० रुपये खर्च आला, हे कागदांवरून निश्चित सांगता येते. उलट १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्यानंतर त्यांचे नेमके रूप कसे होते हे सांगताना अभ्यासकांना जोती, वर्णने आणि तर्क यांचा आधार घ्यावा लागतो. त्या काळची मोजणी गजात आणि तसूत होई, २४ तसूंचा एक गज धरला जाई, आणि घराचा विस्तार खणांत सांगितला जाई. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतराने ठरणारा घराचा एक भाग. अमुक खणांचा सोपा, तमुक खणांचे माजघर एवढे सांगितले की कारागिराला घराचा आराखडा समजे आणि वेगळा नकाशा काढण्याची गरज उरत नसे. त्यामुळे या दफ्तरातून वास्तूचे चित्र मिळत नसले तरी तिची रचना पुन्हा मांडण्याची सामग्री मिळते, आणि ती वाचण्यासाठी मोडी लिपी व बांधकामाची परिभाषा ही दोन्ही अवगत असावी लागतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा निवड मुख्यत्वे राजकीय घडामोडींच्या अंगाने झाली. बांधकामाचे हिशेब बहुतांशी रुमालांतच राहिले. म्हणजे अभिलेख अस्तित्वात असणे, तो सूचीत येणे आणि तो छापून वाचकांच्या हाती पडणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि नवी भर यांपैकी कोणत्याही पायरीवर पडू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने वास्तूंच्या नोंदीचे काम निराळ्या रीतीने हाती घेतले. १८७४ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची सूत्रे जेम्स बर्जेस यांच्याकडे आली. त्यांनी १८८५ मध्ये मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यांचे सहकारी हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. या याद्या जिल्हा, तालुका आणि गाव या क्रमाने लावलेल्या होत्या आणि त्यांतील बरीचशी माहिती जिल्ह्यांतील महसूल अधिकाऱ्यांकडून मागवलेल्या विवरणांवर आधारलेली होती. मामलेदाराच्या कचेरीने जे कळवले ते यादीत आले, आणि कचेरीला जे देऊळ, मशीद, कबर किंवा लेणे म्हणून ओळखता आले तेच कळवले गेले.

या याद्यांतील वर्गवारी मुळातून समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढील शंभर वर्षे कोणत्या वास्तूवर पैसा खर्च व्हावा आणि कोणती पडू द्यावी याचा कल तिने ठरवला. जी वास्तू कायम दुरुस्त स्थितीत ठेवावयाची ती पहिल्या वर्गात जाई; जिच्यावरील झाडेझुडपे काढून, पाणी मुरू न देता केवळ पुढील पडझड थांबवावयाची ती दुसऱ्या वर्गात; आणि जी फार मोडकळीस आली आहे किंवा तुलनेने बिनमहत्त्वाची आहे म्हणून जपणे अशक्य वा अनावश्यक समजले जाई ती तिसऱ्या वर्गात. शिवाय वास्तू सरकारच्या ताब्यात आहे की खासगी व्यक्ती अथवा संस्थेच्या, यावरून पोटवर्ग पडत. तिसऱ्या वर्गाची नोंद ही एका अर्थाने मृत्यूची आगाऊ नोंद होती. तरीही आज त्या वर्गातील अनेक वास्तूंविषयी उरलेला एकमेव लेखी पुरावा तीच असते.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याला वाहिलेला आहे. गॅझेटिअर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची भूमी, लोक, शेती, व्यापार, इतिहास आणि स्थळे यांची सरकारने संकलित केलेली माहिती. या खंडात निजामशाहीच्या राजधानीतील वास्तूंना मोठी जागा मिळाली, आणि ते स्वाभाविकही होते. मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सुलतानाविरुद्ध विजय मिळवून जे राज्य स्थापन केले, त्याच्या राजधानीत भुईकोट किल्ला, बाग रौजा, फराहबाग आणि दमडी मशीद अशा वास्तू सोळाव्या शतकात उभ्या राहिल्या होत्या. किल्ल्याची मूळची मातीची तटबंदी हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, १५६० च्या सुमारास, घडीव दगडात बांधली गेली. फराहबागेचा महाल तलावाच्या मध्यभागी उभा करण्यात आला आणि तो मुर्तजा निजामशहाच्या काळात पूर्ण झाला.

नगरहून तिसगावकडे जाताना डोंगरावर दिसणारी अष्टकोनी, तीन मजली इमारत याच काळातील आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर असून तळघरात थडगी आहेत. कमानींची एकावर एक रचना आणि मजल्यांमधील मोकळ्या दीर्घिका यांमुळे ती दुरून राहण्याच्या वाड्यासारखी दिसते, आणि १५९५-९६ च्या मोगल वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचे नाव नगरच्या लोकस्मृतीत इतके ठसलेले आहे की डोंगरावरची ही भव्य इमारत तिच्या नावावर चढली. गॅझेटिअर आणि सर्वेक्षणाच्या याद्यांनी तिची ओळख कबर म्हणून पक्की केली, तरीही लोकांच्या तोंडचे नाव बदलले नाही. चांगल्या अभिलेखात ही दोन्ही नावे राहावी लागतात: एक वास्तूची ओळख पटवण्यासाठी आणि दुसरे लोक तिला कसे ओळखतात हे कळण्यासाठी.

या जुन्या नोंदींची दुसरी मोठी देणगी म्हणजे मोजणीची रेखाचित्रे. मोजणीचे रेखाचित्र हे नव्या बांधकामाच्या नकाशाहून वेगळे असते. ते इमारत उभी असताना प्रत्येक भिंत, खांब आणि कमान मोजून, ठरावीक प्रमाणात कागदावर उतरवलेले असते आणि त्यात तलविन्यास, छेद व दर्शनी बाजू अशा तीन अंगांनी वास्तू मांडलेली असते. तलविन्यास म्हणजे जमिनीच्या पातळीवरील मांडणी, आणि छेद म्हणजे इमारत उभी कापली असता आतून जशी दिसेल तसे चित्र. कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात याच जिल्ह्यातील रतनवाडी आणि पेडगाव येथील मंदिरांचा अभ्यास आला. त्याच सुमारास मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत क्लॉड बॅटली यांच्या मार्गदर्शनाखाली वास्तुकलेचे विद्यार्थी जुन्या इमारती मोजून त्यांची चित्रे काढीत होते, आणि त्यातील निवडक चित्रे १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हात बसावा म्हणून काढलेली विद्यार्थ्यांची चित्रे, इमारत पडल्यानंतर किंवा तिचे रूप पालटल्यानंतर पुरावा ठरतात. म्हणून वास्तुकला महाविद्यालयांच्या कपाटांतील अशा चित्रांना अभिलेखाचा दर्जा देणे ही अलीकडच्या काळातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत स्वस्त भर म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर नोंदीची जबाबदारी अनेक हातांत वाटली गेली. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राज्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली राज्य पुरातत्त्व विभागाकडे आल्या. १९६० मध्येच नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय सुरू झाले. १९७६ मध्ये जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर निघाले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने आधी वाराणसीत आणि पुढे गुरुग्राम येथे भारतीय वास्तूंच्या छायाचित्रांचा आणि आराखड्यांचा मोठा संग्रह उभा केला व त्याचा बराच भाग संगणकावर खुला केला. मार्क झेब्रोस्की आणि जॉर्ज मिशेल यांचा दख्खनी सल्तनतींच्या कलेवरील ग्रंथ १९९९ मध्ये आला आणि पुष्कर सोहोनी यांचा केवळ निजामशाही वास्तुकलेला वाहिलेला ग्रंथ २०१८ मध्ये. या नव्या अभ्यासांनी विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या सावलीत राहिलेल्या निजामशाहीला स्वतंत्र स्थान मिळवून दिले आणि नोंदीचा परीघही रुंदावला. महाल, मशीद आणि कबर यांच्याबरोबरच किल्ले, बागा, हमाम आणि पाणीपुरवठ्याच्या योजना यादेखील वास्तूच आहेत, ही जाणीव त्यातून पक्की झाली.

पाणीपुरवठ्याचे उदाहरण नगरच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. शहराच्या आसपासच्या उंच भागांतून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, खापरी नळांनी शहरात व बागांत पाणी आणले जाई. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीच्या, एकमेकांत बसणाऱ्या नळ्यांची जमिनीखालून नेलेली ओळ. ठरावीक अंतरावर उसासे, म्हणजे हवा व दाब मोकळा करणारे उभे दगडी स्तंभ, असत. जमिनीखालची ही रचना इमारतींच्या कोणत्याही यादीत नीट बसत नाही, रस्ता खणताना किंवा पाया खोदताना ती तुटते, आणि तुटल्याची नोंदही कोठे राहत नाही. जी गोष्ट यादीच्या रकान्यात बसत नाही ती दफ्तराबाहेर राहते, आणि दफ्तराबाहेर राहिलेली गोष्ट कायद्याच्या संरक्षणाबाहेरही राहते, हे यातून स्पष्ट होते.

देवस्थानांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मढीचे देवस्थान टेकडीवर असून त्याला किल्ल्यासारखा तट आणि उंच प्रवेशद्वारे आहेत; मराठा काळात, शाहू महाराजांच्या राज्यात, त्याचे मोठे बांधकाम झाल्याची परंपरा सांगितली जाते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे यात्रा भरते, भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येतात आणि गाढवांचा बाजार भरतो. १८८४ च्या गॅझेटिअरने या स्थानाशी जोडलेली कान्होबा आणि शाह रमजान माहीसवार ही दोन्ही नावे नोंदली. देवस्थान ही सतत वापरातली वास्तू असते: प्रत्येक पिढी तिला रंग देते, ओवरी वाढवते, फरशी बदलते, मंडप घालते. कझिन्स यांच्या पिढीला असे बदल म्हणजे मूळ रूप झाकणारा दोष वाटे आणि ते रेखाचित्रांतून वगळले जात. आजचा अभ्यासक प्रत्येक वाढीव भाग केव्हा, कोणाच्या देणगीतून आणि कोणत्या हेतूने आला हे टिपू पाहतो, कारण यात्रा, जातिसमूहांचे मान आणि देणगीदारांचे संबंध त्या वाढीतूनच वाचता येतात. त्यामुळे अशा स्थळाची एकच अंतिम नोंद असू शकत नाही. ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा घेतलेल्या, तारीख घातलेल्या नोंदींची मालिकाच तेथे उपयोगी पडते.

तिसगावसारख्या गावाची स्थिती या दोहोंपेक्षा निराळी आहे, कारण तेथे प्रश्न एखाद्या वास्तूचा नसून संपूर्ण गावठाणाचा आहे. मराठी मुलखात गावची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन भागांत ओळखली जाते: काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिची माती शेकडो वर्षांच्या राबत्याने, राखेने आणि पडलेल्या मातीच्या भिंतींनी पांढुरकी झालेली असते. इंग्रजी सरकारने १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून जी जमीनमोजणी सुरू केली आणि जिच्या पद्धतीने पुढे नगर जिल्ह्याचीही मोजणी झाली, तिने काळीतील प्रत्येक शेताला क्रमांक दिला, हद्दीचे दगड रोवले, नकाशे केले; पांढरी मात्र बहुधा एकसंध पट्टा म्हणून सोडून दिली, कारण घराच्या जागेवर शेतसारा नव्हता. महसुलाला जे लागत नव्हते ते मोजले गेले नाही. परिणामी एखाद्या शेताचा दीडशे वर्षांचा इतिहास कागदावर सापडतो, पण त्याच शेतकऱ्याच्या घराचा सापडत नाही.

हे घर वास्तुकलेच्या दृष्टीने मुळीच क्षुल्लक नव्हे. नगर, बीड आणि पैठणच्या बाजूच्या कोरड्या भागात त्याचे जुने रूप माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे असते. जोते दगडाचे, भिंतीचा खालचा भाग दगडमातीचा आणि वरचा मातीचा अथवा कच्च्या विटांचा. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या किंवा फळ्या, त्यांवर पाला व काड्यांचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती, असा छताचा क्रम असतो. मातीच्या जाडीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. उजेडासाठी छतात एक भोक ठेवतात, ज्याला साणे म्हणतात, आणि पावसाचे पाणी काढून देण्यासाठी कडेला पन्हाळी बसवतात. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागते, आणि ही माती गावच्या पांढरीतून किंवा पडक्या गढीच्या ढिगातून आणली जाते. म्हणजे एका घराचे छत जुन्या घरांच्या भिंतींतून तयार होत असते. दरसालची ही देखभाल थांबली की तीन-चार पावसाळ्यांत तुळया कुजू लागतात. माळवदाच्या जागी पत्रा किंवा काँक्रीटचा स्लॅब आला की घराचा नुसता माथाच बदलत नाही, तर सुतार, गवंडी आणि माती वाहणारे यांचे काम, भिंतीची जाडी आणि अंगणाचा वापर हे सारे बदलते. या बदलाचा वेग गेल्या अर्धशतकात इतका आहे की याद्यांना त्याची दखल घेण्यासही उसंत मिळालेली नाही.

तरीही गावपातळीवर एक दफ्तर आहे, जे कोणीही वास्तु-अभिलेख म्हणून पाहिले नाही. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. तीत मिळकतीचा क्रमांक, मालक व भोगवटादार, मिळकतीचे वर्णन, क्षेत्र आणि आकारलेला कर हे रकाने असतात; घर मातीचे आहे, दगडविटांचे आहे की स्लॅबचे, यावर आकारणी अवलंबून असल्यामुळे बांधकामाचा प्रकार लिहावाच लागतो. एकाच गावाच्या अशा जुन्या व नव्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर कोणत्या आळीत माळवदे केव्हा गेली, कोणता वाडा किती भावांत वाटला गेला आणि बाजारपेठेच्या रस्त्यावर दुकानांचे गाळे केव्हा निघाले, हे घर क्रमांकानिशी कळू शकते. असा क्रमवार पुरावा छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातूनही मिळत नाही. यासाठी जुन्या नोंदवह्या टिकल्या पाहिजेत. सरकारी कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करण्याची रीत आहे. अ वर्गातील कागद कायमचे ठेवतात, ब वर्गातील ३० वर्षे, आणि त्याखालील वर्गांतील कागद त्याहून कमी काळ. ज्या कागदात भावी इतिहास आहे तो कमी मुदतीच्या वर्गात पडला तर नियमाप्रमाणेच नष्ट होतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा अशा कागदांच्या व्यवस्थापनासाठी आहे. परंतु वास्तूंचा इतिहास म्हणून कोणता कागद कायमचा ठेवावयाचा, हे ठरवण्यासाठी कायद्याबरोबर जाणीवही लागते.

अलीकडची सर्वांत मोठी भर या न मोजलेल्या पांढरीतच पडली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ ने गावठाणाच्या मोजणीची तरतूद केली होती आणि मोठ्या गावांत ती टप्प्याटप्प्याने होतही होती. लहान गावे मात्र राहून गेली होती. ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी मिळून ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजण्याचा प्रकल्प महाराष्ट्रात आधी पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे चाचणीरूपाने राबवला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व या नावाने अशीच योजना देशभर सुरू केली. ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांच्या उपस्थितीत प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात, मग वरून छायाचित्रे घेऊन त्यांचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा करतात, हरकती ऐकतात आणि शेवटी मिळकत पत्रिका व सनद देतात. योजनेचा हेतू मालकीचा पुरावा देणे, कर्ज काढणे सोपे करणे आणि ग्रामपंचायतीच्या कराचा पाया पक्का करणे हा आहे. वास्तूंचा इतिहास जपणे हा तिचा हेतू नाही.

तथापि हेतू काहीही असो, या योजनेतून हजारो गावठाणांचे एका विशिष्ट दिवसाचे, मोजता येण्याजोगे चित्र प्रथमच तयार झाले. गल्ल्यांची वळणे, चौकांची जागा, देवळाभोवतीचा मोकळा भाग, वेशीकडून बाजारपेठेकडे येणारा रस्ता आणि पडक्या घरांची रिकामी खिंडारे या चित्रात येतात. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वरून घेतलेल्या छायाचित्रात छत दिसते, खांब दिसत नाहीत. माळवदावर पत्रा टाकलेला असेल तर जुने घर नवे वाटते. तीन पिढ्यांत वाटला गेलेला एकच चौसोपी वाडा नकाशावर पाच मिळकती म्हणून येतो आणि त्याची मूळची एकसंध रचना पुसली जाते. ही रचना परत उभी करायची तर नकाशावरील मिळकत क्रमांक, नमुना आठमधील वर्णन आणि प्रत्यक्ष मोजणीचे रेखाचित्र हे तिन्ही कागद एकमेकांशी जोडावे लागतात.

जोडणीचा प्रश्न प्रशासकीय नावांमुळे अधिक अवघड होतो. १८८४ च्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे ११ तालुके आहेत आणि त्यांत पाथर्डी नाही. आजच्या पाथर्डी तालुक्याचा बराच भाग तेव्हा शेवगाव तालुक्यात मोडत असे. आज जिल्ह्यात १४ तालुके आहेत, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नावही अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. पेशवे दफ्तरातील कागद त्याहून जुन्या परगण्यांच्या हिशेबाने लावलेले आहेत. त्यामुळे या भागातील एखाद्या विहिरीविषयी किंवा वेशीविषयी माहिती शोधणाऱ्याला मोडी कागदांत परगणा, जुन्या यादीत शेवगाव, १९७६ च्या गॅझेटिअरमध्ये अहमदनगर आणि नव्या संगणकीय सूचीत अहिल्यानगर अशा वेगवेगळ्या नावांखाली शोध घ्यावा लागतो. ज्या सूचीत ही सर्व नावे एकमेकांशी जोडलेली नसतील तिच्यात नोंद असूनही हरवलेली राहील. म्हणून नाव बदलले तरी जुन्या कागदावरचे मूळ नाव न खोडता त्याच्या शेजारी नवे नाव, गावाचा जनगणना क्रमांक आणि अक्षांश-रेखांश नोंदवणे ही अभिलेखागाराची आजची पहिली गरज आहे.

सरकारी प्रयत्नांच्या जोडीला लोकांनी स्वयंस्फूर्तीने केलेली भरही मोठी आहे. राज्यभरातील पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे बारवा, स्वच्छ करून त्यांची स्थाने नकाशावर नोंदवण्याच्या मोहिमेने शेकडो विस्मृत वास्तू पुन्हा उजेडात आणल्या. दुसऱ्या टोकाला, ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यात मोडणारे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आणि १ तामिळनाडूतील जिंजी. असे नामांकन करताना प्रत्येक किल्ल्याची हद्द, स्थिती आणि व्यवस्थापन यांचे सविस्तर दस्तऐवज द्यावे लागतात, आणि ते सार्वजनिक होतात. मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातील एकही किल्ला या बारांत नाही. निजामशाहीच्या राजधानीतला भुईकोट किल्लाही नाही. त्यामुळे जागतिक स्तरावरील भर कितीही भरघोस असली तरी ती तिसगावच्या पट्ट्यापर्यंत आपोआप पोहोचणार नाही. येथील भर येथेच घालावी लागेल.

या साऱ्याचा मथितार्थ असा की वास्तु-अभिलेखांच्या वाढीत सर्वांत जास्त पोकळी आहे ती सर्वसामान्य बांधकामाच्या जागी, आणि ती नव्या सर्वेक्षणाने जितकी भरून निघेल त्याहून अधिक जुन्या कागदांना नव्या नकाशाशी जोडल्याने भरून निघेल. सलाबतखानाच्या कबरीची नोंद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली म्हणून ती आज समजते. तिसगावच्या एखाद्या माळवदी घराची मोजणी झाली नाही, तर ते घर पाडल्यानंतर ते तेथे होते याचा पुरावाही उरणार नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जुने घर उतरवण्यापूर्वी त्याचा तलविन्यास व एक छेद मोजून काढणे, खांब, तुळया आणि छताचे थर यांची छायाचित्रे तारखेसह घेणे, बांधणाऱ्या कारागिरांच्या शब्दांत भागांची नावे लिहून घेणे, हा संच मिळकत क्रमांकासह ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवणे, आणि नमुना आठच्या जुन्या नोंदवह्यांना कायमच्या जतनाच्या वर्गात घेणे, एवढे केले तरी पुढील पिढीच्या अभ्यासकाला गावाचे रूप टप्प्याटप्प्याने मांडता येईल. १८९७ च्या यादीने ज्या बांधकामांना बिनमहत्त्वाचे ठरवून तिसऱ्या वर्गात लोटले, किंवा ज्यांना कोणत्याच वर्गात घेतले नाही, त्यांच्याविषयीचा निर्णय फिरवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो गावच्या पांढरीपासूनच सुरू करावा लागतो.